घासून काढलेली काजळी

माझ्या कार्डात दोष आहे असं टाइप केलेल्या कागदावर मी सही केली नाही. साहेबांनी तो कागद सोमवारी माझ्या टेबलावर ठेवला, मंगळवारी त्याची आठवण केली आणि बुधवारी स्वतःचं पेन उघडून त्यावर आडवं ठेवलं. मी पेनाला टोपण लावलं आणि त्यांना परत दिलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, नुसता डिप्लोमा झालेला होता, आणि आमच्या कंपनीत साहेबांचं पेन असं परत करणारी बहुधा पहिलीच होते.  

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली. एका बाजूला रंगाचा कारखाना, मागे डोंगर, मधे आमची दुमजली शेड. वरच्या मजल्यावर आम्ही अंधारात बघणारा कॅमेरा बनवत होतो. नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना वाटायचं, पोरगी हेरखात्यात लागली. तसं काही नव्हतं. उरणच्या बाजूला गोदामं असलेल्या एका गिऱ्हाइकाला रात्री कुंपणापाशी कोण घुटमळतंय ते दिवा न लावता बघायचं होतं, एवढंच. माणूस असो, कुत्रा असो, नुकतीच थांबलेली गाडी असो, प्रत्येकाच्या अंगातून उष्णता बाहेर पडत असते. ती डोळ्याला दिसत नाही, आमच्या कॅमेऱ्याला दिसायची. दिवसाही दिसायची, त्यामुळे अंधाराचं हे सगळं काम आम्ही नऊ ते साडेपाच करायचो.

उष्णता टिपणारा तुकडा परदेशातून आलेला होता. नखाएवढा. त्यावर एकाखाली एक असे अगदी बारीक डोळे होते आणि समोर एक हलणारा आरसा. आरसा हलला की समोरचं दृश्य त्या डोळ्यांवरून सरकत जायचं आणि प्रत्येक डोळा पडद्यावर आपली एक ओळ काढायचा. तो तुकडा प्रचंड थंड ठेवावा लागे, म्हणून रोज सकाळी त्याच्या भांड्यात द्रव नायट्रोजन ओतायचा. ते काम मामांचं. मामा रबाळे गावातलेच, आगरी. आमची शेड जिथे उभी होती तिथे पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती. आता ते कंपनीचं स्टोअर सांभाळायचे आणि सोल्डरिंग माझ्यापेक्षा चांगलं करायचे. त्यांना सगळे मामाच म्हणायचे, साहेबसुद्धा.

त्या डोळ्यांची एक खोड होती. एकाच कढईतली भाजी दहा जणांना चाखायला दिली तर एक म्हणतो खारट, दुसरा म्हणतो अळणी. तसंच हे. समोर सारखीच उष्णता असली तरी एक डोळा जास्त सांगायचा, शेजारचा कमी. मग पडद्यावर माणूस दिसायच्या ऐवजी आडव्या रेघाच रेघा यायच्या. यावरचा उपाय ठरलेला होता. सगळ्या डोळ्यांना आधी एक गार वस्तू दाखवायची, मग एक गरम, आणि दोन्ही वेळी कोण काय म्हणतो ते नोंदवून घ्यायचं. त्यावरून प्रत्येक डोळ्यासाठी दोन आकडे निघतात: याच्या सांगण्यातून वजा किती करायचं आणि उरलेल्याला गुणायचं कितीने. मग चित्र चालू असताना प्रत्येक ठिपक्यावर ही वजाबाकी आणि हा गुणाकार करत राहायचं, क्षणभरही न थांबता. हे काम कॅमेऱ्यातलं एक कार्ड, म्हणजे चिप्स बसवलेली सर्किटची पाटी, करायचं. जुनं कार्ड फक्त वजाबाकी करायचं. दोन्ही करणारं नवं कार्ड मी बनवलं होतं.

बनवलं होतं म्हणजे काय, ते मला नीट सांगितलंच पाहिजे. तीन वर्षं मी टेस्टिंगच्या टेबलावर दुसऱ्यांची कार्डं तपासली होती. डिझाइन हे डिग्रीवाल्यांचं काम, असं साहेबांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. मग डिग्रीवाले एकेक करून चांगल्या नोकऱ्या शोधून निघून गेले, आणि साहेब मला म्हणाले, "बघा करून." त्या दोन शब्दांवर मी अकरा महिने काढले. त्या कार्डावरची प्रत्येक चिप मी निवडलेली होती, प्रत्येक रेघ माझ्या हातची होती. ते चाललं नाही तर साहेब परदेशातून तयार कार्ड मागवणार होते आणि मी परत टेस्टिंगच्या टेबलावर जाणार होते, ते अगदी पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मला परत जायचं नव्हतं. काही केल्या जायचं नव्हतं.

आता त्या दोन वस्तूंबद्दल. लॅबमध्ये त्यांना गार डबा आणि गरम डबा म्हणायचे. प्रत्येक डबा म्हणजे एक लाकडी खोकं आणि त्याच्या आत पितळेचा जाड पत्रा. गार डब्याच्या पत्र्यामागून बर्फाचं पाणी फिरायचं, गरम डब्याच्या पत्र्याला मागून हीटर होता. पुढे वहीएवढी खिडकी, काच नसलेली. ती नेहमी कॅमेऱ्याकडे तोंड करून, आम्हाला दिसायची ती खोक्याची पाठ आणि तिच्यावरचा तापमानाचा आकडा. हे डबे आमच्या एका जुन्या इंजिनिअरांनी बनवले होते. मी डिझाइनला यायच्या आधीच ते निवृत्त होऊन गावी गेले आणि जाताना डब्यांबद्दल एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात लिहिण्यासारखं काही नसावं.

दसरा आला. आमच्या कंपनीची पद्धत अशी की खंडेनवमीला प्रत्येकाने आपलं हत्यार, आपलं यंत्र स्वच्छ करायचं आणि दसऱ्याच्या सकाळी त्याची पूजा. माझ्यासाठी यात नवीन काही नव्हतं. माझे वडील वाशीच्या धान्य बाजारात माथाडी. मूळचे साताऱ्याकडचे, पाठीवर पोती वाहून त्यांनी आम्हाला शिकवलं. आमच्या घरी दसऱ्याला त्यांचा पोतं उचलायचा लोखंडी हूक धुऊन, कुंकू लावून पाटावर ठेवला जायचा आणि घरातलं झाडून सगळं तांबं-पितळ आई चिंच आणि राख लावून घासायची. ती दोन वेळा घासायची, एकदा स्वच्छ व्हायला आणि एकदा शेजारणींना दिसायला. दसऱ्याला ज्या घरातलं पितळ काळं, त्या घरातल्या बाईला हात नाहीत, असं ती म्हणायची.

खंडेनवमीला मी लॅब घासली. टेबलं पुसली, ऑसिलोस्कोपच्या जाळीतली धूळ ब्रशने काढली, कॅमेऱ्याचं बाहेरचं आवरण उजळवलं. मग डबे उघडले. आतले दोन्ही पत्रे काळेकुट्ट होते. मला अक्षरशः लाज वाटली. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता. घरून डबीत चिंच आणलीच होती. मी पत्रे मोरीवर नेले आणि घासत बसले, आईसारखेच दोन वेळा. पितळ असं लखलखलं की मला माझाच अभिमान वाटला. मग पत्रे परत जागी बसवले, स्क्रू आवळले आणि खोकी बंद केली. मामा तेव्हा झेंडूची फुलं आणायला गेले होते, बाकी कुणी वर नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पंचांग बघून साडेदहाचा मुहूर्त काढला, नारळ फुटला, दोन्ही डब्यांवर एकेक झेंडू वाहिला, आणि माझं कार्ड कॅमेऱ्यात बसलं. कॅमेऱ्याला गार डबा दाखवला, गरम डबा दाखवला, कार्डाने आकडे काढले. पडदा चालू केला तर रेघा, ठिणग्या, आणि मधे कुठेतरी माणसाच्या आकाराचा चिखल. सगळ्यांच्या हातातल्या जिलब्यांच्या प्लेटी तशाच राहिल्या.

जुनं कार्ड परत बसवून बघता आलं नाही, कारण त्याच्यावरची महागाची चिप काढून मी माझ्या कार्डावर लावली होती. तशी चिप कंपनीत एकच होती. म्हणजे दसऱ्याच्या आधी जुनं कार्ड आणि बरं चित्र, दसऱ्यानंतर माझं कार्ड आणि चिखल. कुणीही दोष कार्डालाच देणार. शुक्रवारी गिऱ्हाइकाची माणसं कॅमेरा बघायला येणार होती, आणि त्यांच्यासमोर ठेवायला साहेबांना एक सही केलेला कागद हवा होता: कार्डाच्या रचनेत दोष आढळला आहे, तयार कार्ड मागवत आहोत.

सोमवार ते बुधवार मी कार्ड उलटंपालटं केलं. गुणाकार कागदावर स्वतः केले, कार्डाचे घेतले, ताडून पाहिले. एकही चुकलेला नव्हता. मात्र कार्डाने काढलेले आकडेच वेडे होते. जिथे दीडने, फार तर दोनने गुणायचं, तिथे ते चाळीसने गुणत होतं, शेजारी उणे दहाने. कारण डोळे गार डब्याला आणि गरम डब्याला जवळजवळ एकच गोष्ट सांगत होते. दोहोंतला फरक शून्याच्या आसपास, आणि शून्याच्या आसपासच्या आकड्याने भागलं की जे व्हायचं ते होतं. मी साहेबांना म्हटलं, "कार्ड बरोबर आहे, त्याच्याकडे जे येतंय ते चूक आहे."

साहेबांना त्यांच्या केबिनमधूनच लॅब चालवायची सवय होती, उंटावरून शेळ्या हाकतात तशी. ते म्हणाले, "डबे तेच, कॅमेरा तोच, तापमानाचे आकडे बरोबर. बदललंय फक्त तुमचं कार्ड. मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू."

लॅबमध्ये दोघेजण हसले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं याचा आणखी राग आला. "मी सही करणार नाही," मी म्हटलं. "माझं कार्ड चुकीचं आहे हे मला दाखवा, मी दोन सह्या करते." त्यानंतरच ते पेनाचं झालं. साहेब शांतपणे म्हणाले, "शुक्रवारी तुमच्या सहीशिवायही कागद जाऊ शकतो." आणि ते खरं होतं.

संध्याकाळी कोपरखैरण्याला घरी गेले ती तोंड फुगवूनच. वडील ओट्यावर पाय धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, कार्ड म्हणजे काय ते सोडून. त्यांनी एकच विचारलं.

"तुजं काम बरोबर हाय का?"

"हो."

"किती खात्री?"

"पूर्ण."

"मग सही कशाला करायची? न्हाय करायची." ते पाय पुसत उठले आणि मग थांबले. "पर एक कर. आपला हूक कुटं लागलाय का, ते आदी बघून घे."

हे त्यांच्या माथाडींच्या टोळीतलं होतं. पोतं उचलताना हूक वेडावाकडा लागला की पोतं फाटतं आणि तांदूळ रस्त्यावर सांडतात. व्यापारी मग सगळ्या टोळीला बोल लावतो. म्हणून त्यांचा नियम होता की ज्याच्या हुकाने फाटलं त्याने, कुणी विचारायच्या आधी, हात वर करून म्हणायचं, "माजा हूक." एकदा म्हटलं की टोळीतलं कुणी त्याला हसायचं नाही. जो गप्प राहिला आणि मग सापडला, त्याच्यासोबत पुढे कुणी पोतं उचलत नसे. मला त्या दिवशी वडिलांचा रागच आला. मी माझ्यावरचा अन्याय सांगतेय, आणि हे मलाच हूक बघायला सांगतायत.

गुरुवारी साहेब दिवसभर मुंबईला होते. मी ठरवलं, आज कार्डाला हातसुद्धा लावायचा नाही. कार्ड बाजूला काढलं आणि कॅमेऱ्याचा कच्चा सिग्नल सरळ ऑसिलोस्कोपवर घेतला. गरम डबा साठ अंशांवर, कॅमेरा त्याच्या खिडकीपासून हातभर लांब, पडद्यावर हिरवी रेघ; उष्णता जितकी जास्त तितकी ती वर. रेघ खाली. साठ अंशांचा पत्रा समोर असताना ती इतकी खाली कशी, याचा विचार करत मी बसले होते. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले आणि कॅमेऱ्याशेजारी ग्लास ठेवायला वाकले. रेघ वर चढली. मामा मागे सरले. रेघ उतरली.

"मामा, परत वाका," मी म्हटलं.

"काय झाला गो?"

"वाका तुम्ही."

ते वाकले. रेघ चढली. मी माझा हात खिडकीसमोर, कॅमेऱ्याच्या बाजूने धरला. रेघ चढली. बोटं हलवली तर रेघ हलली. कॅमेऱ्याचं तोंड डब्याकडे होतं, आमच्याकडे नव्हतं, आणि तरी त्याला आम्ही दिसत होतो. डब्यात आम्ही दिसत होतो.

मी खोक्याचे स्क्रू काढले. आतून पितळ लखलखत होतं आणि त्यात माझं तोंड होतं, उघडं पडलेलं.

डिप्लोमाच्या परीक्षेत मी हे उत्तर लिहून मार्क मिळवले होते. काळा, मळकट पृष्ठभाग आपल्या अंगातली उष्णता मोकळेपणी बाहेर सोडतो. चकचकीत धातू आपली फारशी सोडत नाही, समोरच्याचीच परत फेकतो. म्हणजे गरम डबाही आम्हाला दाखवत होता आणि गार डबाही आम्हालाच दाखवत होता. डोळे बिचारे खरं तेच सांगत होते की दोन्हीकडे एकच आहे. पत्रा खरोखर साठ अंशांवर होता, म्हणून तापमानाचा आकडाही बरोबर होता. ते काळं म्हणजे घाण नव्हतीच. त्या जुन्या इंजिनिअरांनी ते मुद्दाम चढवलं होतं आणि मी ते चिंचेने घासून काढलं होतं, दोन वेळा, शेजारणींना दिसेल असं. अंगण खरोखरच वाकडं होतं. ते उकरून ठेवलं होतं मीच.

मी स्टुलावर बसले आणि हसायला लागले. 

मामांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. "अरे द्येवा. याची काजली कोनी काडली?"

"मी."

"म्हातारे सायेब राकेलच्या चिमनीवर हे पत्रे धरून बसायचे ना. दोन दोन तास. मी स्वता चिमनी आनून दिलेली हाय. मना वाटायचा, याला काय खूल लागला." ते माझ्याकडे बघत राहिले. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आयक बाय. चिमनी हाय अजून स्टोरमदे. आताच्या आता काजली चढवू. चित्र येल चांगला. कोनाला काय सांगाची गरज नाय. आनि कोनी इचारलाच, तर सांगाचा मामानी घासला. मी अनपड मानूस, मना कोन काय बोलनार? माजी नोकरीची दोन वर्षां रायलीत."

ते मनापासून म्हणत होते, आणि एक क्षण मला ते हवंहवंसं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते. मग मला मामांचा राग आला, माझा आला, आणि जिचं मला जन्मभर वाईट वाटलं असतं ती गोष्ट मी केली नाही. "मामा, तुमचा हात लागलेला नाही," मी म्हटलं. "माझा लागलाय. चिमणी आणा."

दुपार आम्ही रॉकेलची चिमणी पेटवून काढली. शेडच्या मागच्या अंगणात, वाऱ्याला पाठ करून, पत्रा ज्योतीवर धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. एक जागा धरून ठेवली की काजळी पापुद्रा होऊन पडते, घाई केली की पट्टे उमटतात. हे सगळं मामांना नुसतं बघून माहीत होतं. त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं एवढंच. चार वाजता डबे परत बसले आणि कार्ड कॅमेऱ्यात गेलं. आकडे निघाले: सव्वा, दीड, एक पूर्णांक एक. पडद्यावर मामा आले. नाकाचा शेंडा गार म्हणून काळपट, गाल उजळ, हातातला चहाचा ग्लास पांढराशुभ्र. एकही रेघ नव्हती. मामांनी स्वतःला पाहून मिशीवरून हात फिरवला आणि पडद्यावरच्या मामांनीही फिरवला. मी रडले. आता रडायला माझी हरकत नव्हती.

शुक्रवारी साहेब गिऱ्हाइकाच्या दोन माणसांना घेऊन थेट वर आले. साहेबांना आधी गाठून काही सांगायची संधीच मिळाली नाही. त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये तो कागद होता. मी पडदा चालू केला. उघड्या खिडकीबाहेरचा डोंगर, रस्त्यावरची रिक्षा, तिचं तापलेलं इंजिन, सगळं स्वच्छ. साहेब कॅमेऱ्यासमोरून गेले तर त्यांचा चेहरा उजळ आला आणि चष्मा काळाकुट्ट, कारण काचेतून ही उष्णता जात नाही. पाहुण्यांपैकी एक वयस्क इंजिनिअर होते. त्यांनी विचारलं, "फोनवर तर तुम्ही अडचण आहे म्हणाला होतात. काय होती?"

साहेब क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाले, "कार्डात किरकोळ गडबड होती. नवीन डिझाइन, होतं असं. आमच्या मॅडमनी दुरुस्त केली."

हे ते चांगुलपणाने म्हणाले. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, तरी त्यांनी मला सांभाळून घेतलं. मी गप्प बसले असते तर माझी चूक कायमची झाकली गेली असती, वर दुरुस्तीचं श्रेयही मिळालं असतं. फक्त अकरा महिन्यांच्या त्या कार्डाच्या नावावर, न केलेली एक गडबड लिहिली गेली असती. माझ्या मागे दाराशी मामा उभे होते. त्यांनी हळूच खाकरून मला गप्प राहायला सुचवलं.

"कार्डात गडबड नव्हती," मी म्हटलं. "कार्ड पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. दसऱ्याच्या साफसफाईत डब्यांची काजळी मी घासून काढली होती."

"घासली?" साहेब म्हणाले.

"चिंचेने."

कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. मी तोंडाने समजावत बसले नाही. कॅमेरा गरम डब्याकडे वळवला. पडद्यावर पत्रा सगळा पांढरा. मग ओलं फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर, आदल्या दिवशी दोन तास खपून चढवलेल्या काजळीत तळहाताएवढी जागा घासून स्वच्छ केली. मामांच्या तोंडून "आगं बाय" निघून गेलं. पांढऱ्या पत्र्यात काळं भोक पडलं. तापमानाचा आकडा होता तिथेच होता, साठ. "पत्रा सगळीकडे सारखाच गरम आहे," मी म्हटलं आणि तोंड कॅमेऱ्याशेजारी नेलं. त्या काळ्या भोकात एक उजळ, पुसट चेहरा आला. मी मान हलवली, त्याने हलवली. "आठवडाभर आम्ही कॅमेऱ्याला हे दाखवत होतो आणि कार्डाला खोटं म्हणत होतो."

वयस्क इंजिनिअर खाली वाकले, भोकात आपलाही चेहरा पाहिला आणि सरळ झाले. "आमच्याकडे," ते म्हणाले, "दर दसऱ्याला मीटरच्या काचेवर हळदकुंकू लावतात. मग महिनाभर कुणाला काटा दिसत नाही." मग त्यांनी कार्ड बघायला मागितलं आणि बराच वेळ हातात धरून पाहिलं.

ते गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडलेले होते, पण आवाज चढवला नाही. "गिऱ्हाइकासमोर हे बोलायची काय गरज होती? मी तुम्हालाच वाचवत होतो."

"मला वाचवत होतात, सर. कार्डाला बुडवत होतात."

"अशाने तुमच्याबद्दल काय मत होईल, कळतंय?"

"जे आहे ते होईल."

त्या वर्षी डिझाइन इंजिनिअरचं पत्र मला मिळालं नाही. साहेबांनी त्याचं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते पत्र पुढच्या वर्षी आलं. परदेशी कार्ड मात्र कधीच आलं नाही. आमचे कॅमेरे उरणच्या कुंपणावर लागले ते माझ्या कार्डासकट, आणि त्यानंतरच्या प्रत्येक खंडेनवमीला दोन्ही डब्यांवर मी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवायचे: आत घासू नये.

पण त्या दुपारी केबिनमध्ये मी अजून उभीच होते. साहेबांनी विचारलं, "आता काय?"

"तो कागद द्या."

त्यांनी फाइलमधून काढून दिला. कार्डाच्या रचनेत दोष आढळला आहे, ही ओळ मी खोडली, नीट, खालचं वाचता येईल अशी. तिच्याखाली लिहिलं: कार्ड निर्दोष आहे. दोन्ही डब्यांची काजळी मी घासली. त्यांचं पेन टेबलावरच होतं. मी ते उघडलं, पूर्ण नावाने सही केली, टोपण लावलं आणि परत दिलं.  सही कुणालाही वाचता येईल अशी आली.